नळाला बांधलेली अर्थिंग

जळगाव,
१९ मे २०२५

चि. हेमलता,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी माझं डोकं थंड होऊ दे.

आमच्या कॉलनीनं माझ्याविरुद्ध अर्ज केला आहे. सव्वीस सह्या! त्यातल्या निम्म्या लोकांच्या घरची दिवाळीची माळ पेटली नाही की ते माझ्याच दारात येतात. अर्ज लिहिला आहे कोपऱ्यावरच्या झुलालभाऊंनी. आयुष्यभर कारकुनी केली, तो हात कुठे जातो? "सदर इसमाच्या गच्चीवरील लोखंडी खांबामुळे वीज आकर्षित होऊन रहिवाशांच्या जीवितास धोका उत्पन्न झाला आहे." सदर इसम! अडतीस वर्षं या गल्लीत राहतो मी. आता सदर इसम झालो.

झालं असं, की ११ तारखेला भर दुपारी वादळ आलं आणि वीज पडली. शेजारच्या मंदाबाईंचा टीव्ही गेला, पाण्याची मोटर गेली, समोरच्या दोन घरांतले पंखे गेले. मी तर त्या दिवशी गावातच नव्हतो. शीतलच्या माहेरी बोदवडला लग्न होतं, मुलगा-सुनेबरोबर आम्ही सगळे तिकडे. परत येतो तर मंदाबाई फाटकात उभ्या. म्हणे, "नाना, तुमच्या खांबानं वीज बोलावली आणि आमच्या घरात पाठवली." वीज म्हणजे काय पोस्टाचं पार्सल आहे? मी बोदवडला जेवणाच्या पंगतीत बसून पाठवलं?

८ जूनला, रविवारी सकाळी दहाला, मारुतीच्या ओट्यावर बैठक आहे. खांब ठेवायचा की उतरवायचा ते तिथे ठरणार. हेमलता, तुला सांगतो, हा अँटेनाचा खांब गेला तर माझ्याकडे काही उरत नाही. वायरलेस खात्यातून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. रोज सकाळी सव्वासातला हौशी रेडिओच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर आपल्या आठ जणांची हजेरी घेतो, म्हणून तर उठतो मी. ती गेली तर उठायचं कशाला?

११ तारखेपासून मी हवेवर आलेलो नाही. निषेध म्हणून. विचारलं कोणी तर तसंच सांग.

आता तुझ्या स्टेशनाबद्दल. परवाना मिळून दोन वर्षं झाली तरी तुझं सगळं कच्चं आहे असं तू मागे म्हणाली होतीस, म्हणून लिहितो. अँटेनाची तार मध्ये खांबावर उंच, दोन्ही टोकं खाली उतरती, पण जमिनीपासून आठ फुटांच्या वरच, नाहीतर एखादी म्हैस शिंगात घेऊन जाईल. टोकं झाडाला ताठ बांधू नकोस, झाड हलतं, तार तुटते. नायलॉनची दोरी आपल्या खानदेशी उन्हात दोन उन्हाळे काढते, तिसऱ्याला तिचं पीठ होतं. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल दे, म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकेल, सेटमध्ये येणार नाही. गावाला जाताना केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर. आणि अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला, माझ्यासारखी. गावभर जमिनीत पसरलेलं लोखंड, याहून मोठी अर्थिंग कोणती? बत्तीस वर्षं झाली माझी. दर दसऱ्याला क्लॅम्प कानशीनं घासून चकचकीत करतो आणि पान्हा-पक्कडीबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहतो.

आणखी एक. हवेवर जो तो ज्याला त्याला पाच-नऊचा रिपोर्ट वाटत सुटला आहे. पाच म्हणजे शब्द न् शब्द कळतो, नऊ म्हणजे आवाज दणदणीत. नीट कळत नसताना पाच-नऊ म्हणणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला डॉक्टरनं ठणठणीत म्हणण्यासारखं आहे. मी आयुष्यात एक खोटा रिपोर्ट दिलेला नाही. मला मिळतात ते मात्र खरेच पाच-नऊ असतात. बोलणं झाल्याच्या पावतीची जी कार्डं लोकांनी पाठवली, ती माझ्या भिंतीवर आहेत, येऊन बघ.

८ तारखेला तू ये. विज्ञानाची शिक्षिका, वर परवानाधारक. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. फोन करू नकोस. फोनवर भांडण नीट होत नाही, आणि स्टेशनचं सगळं कागदावर राहिलेलं बरं.

अजून थंड झालो नाही, तरी आशीर्वाद.

प्रेमराज नाना


पिंपळनेर,
२४ मे २०२५

ती. नाना,

नमस्कार. सदर इसम हे वाचून माझ्याच तळपायाची आग मस्तकाला गेली. मी येते. मुलांना वीज शिकवते तशी या सव्वीस जणांना शिकवते, फळा तेवढा द्या.

तुम्ही सांगितलंत ते सगळं तीन दिवसांत केलं. शाळेला सुटी आहे, वेळच वेळ. टोकं झाडावरून सोडवली, दोऱ्या फांदीवरून घेऊन त्यांना विटा लटकवल्या, आता लिंब कितीही हलू दे. केबलला झोल दिला. अर्थिंगची तार नळाला बांधली, क्लॅम्पसुद्धा घासला.

पण आमच्या घरमालकीणबाई, भिकुबाई, तुमच्या मंदाबाईंच्या बहीणच शोभतात. खांबाखाली उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, हाऊ खांब तुना, पन घर मनं शे. ईज पडनी ते कोन जबाबदार?" मी म्हटलं, नळाला अर्थिंग आहे, आमच्या जळगावच्या नानांची बत्तीस वर्षं तशीच आहे. त्यांचा काही नानांवर विश्वास बसला नाही. त्यांनी पुना वायरमनला बोलावलं.

पुनाभाऊंनी शंभराचा बल्ब काढला. एक तार बोर्डातल्या फेजला, दुसरी माझ्या अर्थिंगला. म्हणाले, "बल्ब लागना ते अर्थिंग, नही लागना ते कपडा वाळाडानी दोरी." बल्ब लागला नाही, नाना. आतली तारसुद्धा लाल झाली नाही. मग त्यांनी पहारीनं नळाच्या बुडाशी उकरलं. दीड फुटावर लोखंड संपलं आणि खाली काळं प्लास्टिक सुरू. पुनाभाऊ हसले, सगळ्या गावाची हीच गत म्हणाले. "बाई, बठ्ठा गाव मा आते प्लास्टिक शे. लोखंड फक्त वर, दखाडाले."

मी आठ फूट खड्डा खणून घेतला. त्यात लोखंडी नळी उभी केली, भोवती कोळसा आणि जाड मीठ थरावर थर, वरून चार बादल्या पाणी. जाड तांब्याची पट्टी खांबापासून सरळ खाली आणली, कुठे वळण नाही. आता बल्ब असा लागतो की भिकुबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला.

नाना, रागावू नका. मी दिवाळीत आले होते तेव्हा तुमच्या गल्लीत रस्त्याकडेला सगळीकडे नव्या नळ्या पुरलेल्या दिसल्या. जळगाव म्हणजे पाइपांचं गाव, धर्मेंद्रदादा स्वतः पाइपांच्या कारखान्यात. तुमचा नळ जमिनीखाली कशाचा आहे, एकदा बघाल का? आणि बोदवडला जाताना केबल काढून गेला होतात ना? बैठकीत कोणी विचारलं तर मला उत्तर हवं.

तुमची,
हेमलता


जळगाव,
२८ मे २०२५

श्रीमती हेमलताबाई, विज्ञान शिक्षिका, यांस,

आपलं पत्र पोचलं. आपण आठ फूट खड्डा खणलात, अभिनंदन. आता त्यात मला ढकला म्हणजे झालं.

अगं, कानामागून आली आणि तिखट झाली! मोर्सचं लांब डा कोणतं आणि आखूड डिट कोणतं हे माझ्या ओट्यावर बसून शिकलीस, आणि आता माझा नळ उकरायला निघालीस? तो पाइप मी माझ्या डोळ्यांनी जमिनीत जाताना पाहिला आहे. दीड इंची, लोखंडी, चाळीस वर्षं काही होत नाही असा. तुमच्या पिंपळनेरला लोखंड दाखवायचं असेल, आमच्याकडे ते खरं असतं. गल्लीतल्या नळ्या गल्लीत. माझ्या अंगणात मला विचारल्याशिवाय कोणी चमचाभर माती हलवलेली नाही.

केबलचं म्हणशील तर अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही. दुसऱ्यांना केबल काढायला मीच शिकवलं.

मी तुला साक्षीला बोलावलं होतं, पंचनाम्याला नाही. सव्वीस सह्या कमी पडल्या म्हणून सत्ताविसावी घरातून आली. माझी सून पण तुझंच पत्र वाचून म्हणते, "नाना, बघून घ्यायला काय जातं?" काय जातं? अडतीस वर्षांची अब्रू जाते.

आता शास्त्राचंच बोलू, तुला फार आवड आहे ना. अर्थिंग मेली असती तर माझ्या आवाजात घरघर आली असती, विजेच्या तारांची. ती लपत नाही. सात माणसं रोज सकाळी मला ऐकतात. धुळ्याचा भटू तर वीस वर्षं ऐकतो. एकानं कधी सांगितलं? उलट सगळे पाच-नऊ. माझी नोंदवही समोर उघडी आहे. २ मे, सकाळी सात वाजून एकवीस मिनिटं, स्टेशन पिंपळनेर, ऑपरेटर हेमलता. मला दिलेला रिपोर्ट, पाच-नऊ. तुझाच. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तेव्हा मला एका ओळीत उत्तर दे. माझ्या आवाजात घरघर तू ऐकलीस का? हो की नाही?

प्रेमराज


पिंपळनेर,
३१ मे २०२५

ती. नाना,

हो.

पहिल्या दिवसापासून. दोन वर्षं. तुमच्या प्रत्येक वाक्याखाली पिठाची गिरणी चालू असते. मला वाटलं माझाच सेट खराब आहे, म्हणून मी धुळ्याच्या भटूकाकांना विचारलं. ते म्हणाले, "पोरी, ती घरघर आठ वरीसनी शे. बठ्ठासले माहीत शे. पन नानाले कोन सांगी?" मग मीही पाच-नऊ दिला. तुमच्या वहीत माझे जेवढे पाच-नऊ आहेत तेवढे सगळे खोटे आहेत.

मला याची लाज वाटते. आणि, खरं सांगू का, तुमचा रागही येतो. एकदा एका नवख्या स्टेशनानं तुम्हाला पाच-सहा दिला होता, आठवतं? तुम्ही त्याला हवेवर अर्धा तास त्याचीच अँटेना कशी चुकली ते ऐकवलंत. तो पुन्हा हजेरीला आला नाही. त्यानंतर कोण बोलणार? खोटा रिपोर्ट म्हणजे पाप म्हणता, आणि खरा देणाऱ्याला उभं करत नाही.

हे आधी सांगितलं असतं तर मंदाबाईंचा टीव्ही शाबूत असता, असं चार दिवस माझ्या मनात येतं आहे.

तुम्ही नळाचं बूड उकरून बघितल्याशिवाय मी ८ तारखेला येणार नाही. नानांची अर्थिंग पक्की आहे, असं सव्वीस माणसांसमोर मी सांगणार नाही. एवढे खोटे रिपोर्ट पुरे झाले.

हेमलता


जळगाव,
११ जून २०२५

चि. हेमलता,

तुझं पत्र मी फाडलं. मग शीतलनं तुकडे उचलायच्या आत मीच उचलले आणि जोडून पुन्हा वाचलं. अँटेनाच्या सांध्यांना लावतो ती टेप लावली आहे. आता पावसात भिजलं तरी खराब होणार नाही.

तीन दिवस कोणाशी बोललो नाही. शुक्रवारी पहार घेतली. धर्मेंद्र कामावरून आला तेव्हा मी नळाशी गुडघ्याएवढ्या खड्ड्यात होतो. लोखंड किती निघालं सांगू? तुझ्यापेक्षा कमी. सव्वा फूट. त्याखाली प्लास्टिकचा सांधा आणि प्लास्टिकची नळी, वर धर्मेंद्रच्याच कारखान्याचा छाप.

मी ओरडलो, हे कोणी केलं? तो शांतपणे म्हणाला, "नाना, मीच केलं. सतरा साली. जुना पाइप गंजून नळाला करंगळीएवढं पाणी यायचं, तुम्हीच तर रोज बोंबलायचे. तुम्ही आठवडाभर बोदवडले गेले तेव्हा बदलून घेतला. वरचा तुकडा तेवढा राहू दिला, त्याले तुमची तार होती म्हणून. म्हटलं तार हलवली तर नाना जीव घेतील."

म्हणजे तार हलू नये म्हणून त्यानं तुकडा ठेवला, आणि त्या तुकड्याला मी आठ दसरे हळदकुंकू वाहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं माझी आई म्हणायची. मला वाटायचं ती माझ्या काकाला म्हणते.

आता जे लपवलं ते ऐक. मी निषेध म्हणून गप्प नव्हतो. माझा सेट त्याच दिवशी जळला. बोदवडहून आलो, खोलीचं दार उघडलं तर जळका वास. केबल सेटलाच होती. निघायच्या गडबडीत काढली नाही, आणि खरं तर काढायची गरजच वाटली नाही. म्हटलं, बत्तीस वर्षांची अर्थिंग आहे, तीच बघून घेईल. वीज खांबावर आली, खाली जायला वाट नाही, म्हणून केबलनं सेटमध्ये, सेटमधून घराच्या वायरिंगमध्ये आणि तिथून सगळ्यांकडे. मंदाबाई फाटकात उभ्या होत्या तेव्हाच मला हे कळलं होतं. कळलं होतं म्हणून तर एवढा ओरडत होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

शनिवारी सकाळी खांब मी स्वतः उतरवला. रविवारी ओट्यावर गेलो तर झुलालभाऊ चार पानांचं भाषण हातात धरून बसलेले. मी म्हटलं, आधी माझा रिपोर्ट ऐका. सगळा दिला. केबल जोडलेली होती, अर्थिंग मेलेली होती, दोष माझा. झुलालभाऊंना कागद घडी घालून खिशात ठेवावे लागले, त्याचा त्यांना अजून राग आहे.

मी मंदाबाईंना म्हटलं, माझा टीव्ही, प्लग काढलेला म्हणून वाचलेला, आजच तुमच्याकडे आणून लावतो. त्या म्हणाल्या, "टीव्हीचं काय घेऊन बसले, नाना? माही मोहिनी त्या वक्ताले मोटरचं बटन दाबाले चालली होती. मी तिले पापड उचलाले हाक मारली म्हणून ती फिरली. तेवढ्यात मोटर जळाली." मोहिनी म्हणजे त्यांची नात, दहा वर्षांची. रोज माझ्या फाटकावर झोके घेते. हे मला महिनाभर माहीत नव्हतं, कारण महिनाभर मी कोणाला बोलूच दिलं नव्हतं.

हेमलता, मी तिथे सगळ्यांसमोर रडलो. लिहायला संकोच वाटतो, पण कागदावर राहिलं पाहिजे म्हणून लिहितो.

ठराव झाला तो असा. पक्की अर्थिंग होऊन बल्ब लागेपर्यंत खांब खाली. बल्ब झुलालभाऊ स्वतः बघणार. मी कबूल केलं. फक्त अर्जातलं "वीज आकर्षित होऊन" मी त्यांना लाल शाईनं दुरुस्त करायला लावलं. चूक माझी असली म्हणून शास्त्र चुकीचं लिहायचं काय कारण?

खड्डा कुठे घ्यायचा, हा आता प्रश्न आहे. माझ्या अंगणात सगळा मुरूम, कोरडाठाक. ओल एकाच ठिकाणी आहे, मंदाबाईंच्या धुण्याच्या दगडाकडून पाणी येतं त्या भिंतीलगत. जागा अर्धी त्यांची. मी विचारायला जायचं म्हणतो, आणि पाय उचलत नाही. काय करू ते लिही. या वेळी मी खरंच विचारतो आहे.

आशीर्वाद,
नाना


पिंपळनेर,
१५ जून २०२५

ती. नाना,

आत्ताच्या आत्ता जा आणि विचारा. कोळसा-मीठ दोन्ही घेऊन जा, म्हणजे परत फिरता येणार नाही.

मी ८ तारखेला यायला हवं होतं. तुम्ही खांब उतरवत होतात, आणि मी इथे हट्ट धरून बसले होते. चुकलं माझं.

भटूकाकांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आते आपला नंबर शे." आम्ही सात जणांनी ठरवलं आहे. यापुढे जे ऐकू येईल तेच सांगायचं. तुम्हालासुद्धा. तयारी ठेवा.

तुमची,
हेमलता


पिंपळनेर,
२९ जून २०२५
(कार्ड)

स्टेशन जळगाव, ऑपरेटर प्रेमराज नाना यांच्याशी बोलणं झाल्याची पावती.
आजची तारीख, सकाळी सात वाजून अठरा मिनिटं, चाळीस मीटर.
रिपोर्ट: पाच-सात.
शेरा: माळ्यावरचा जुना सेट आहे, त्यामुळे आवाज पूर्वीपेक्षा हळू. घरघर अजिबात नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा नुसते तुम्ही ऐकू आलात.
हेमलता


जळगाव,
५ जुलै २०२५
(कार्ड)

चि. हेमलता,

पाच-सात? सेट जुना आहे म्हणून नव्हे! अँटेनाचं दक्षिणेचं टोक मंदाबाईंच्या पापडांवरून जाऊ द्यायचं नाही, या अटीवर त्यांनी खड्ड्याला जागा दिली, म्हणून ते टोक आखडून बांधलं आहे. दोन गुण त्या पापडांनी खाल्ले. हे तुला कळायला हवं होतं. मोहिनी रोज संध्याकाळी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतते आणि मला हाक मारून सांगते. बल्ब झुलालभाऊंनी तीनदा लावून बघितला.

सतरा सालानंतरची सगळी पाच-नऊची कार्डं मी भिंतीवरून उतरवली. तिथे आता तुझं एकटं आहे. पुढच्या खेपेला अक्षर मोठं काढ. शेजारी वाचायला येतात, मंदाबाईंना चष्म्यातूनही नीट दिसत नाही.

नाना